सातवा बार

विहिरीच्या कामात सगळ्यात अवघड काय, असं लोक मला विचारतात. त्यांना वाटतं मी मशीनचं नाव घेईन. जन्मभर मी जॅकहॅमरने कातळात भोकं मारली. मशीन जड असतं, धूळ छातीत बसते, हात कोपरापर्यंत बधिर होतात. माझ्या बोटांनी आता शर्टाचं बटण नीट लागत नाही. पण हे सगळं कष्टाचं काम झालं. अवघड काम सहदेवकडे होतं. बार उडत असताना आडोशाला बसून तो आवाज मोजायचा.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. विहिरीच्या तळाला कातळ लागला की त्यात भोकं मारतात. भोकात दारूचे तोटे भरतात, प्रत्येकाला वात लावतात. वाती कमीजास्त लांबीच्या ठेवतात, म्हणजे बार एकामागून एक जातात. अकरा भोकं असली तर अकरा आवाज यायला हवेत. दहाच आले, तर एक भोक खाली न उडता राहिलंय असं धरायचं. नंतर दगड काढायला उतरलेल्याची पहार त्यावर पडली की तो वर येत नाही. आवाज एकदाच होतो. चुकला तर परत ऐकता येत नाही.

सहदेवकडे सुरुंगाचं लायसन होतं. पण मोजायला तो लायसनवाल्यांकडून शिकला नव्हता. ते त्याला आईने दिलं.

त्याची आई आवडी. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी आहे. तिथे भात मापायचं असलं की आवडीकाकूंना बोलावायचे. सहदेवचा बाप मुंबईला गोदीत. तो गणपतीला आणि शिमग्याला यायचा. लहानपणी सहदेव खळ्यावर पोत्याचं तोंड धरून बसायचा. काकू पायली भरायच्या आणि भरता भरता तोंडाने आकडा चालू ठेवायच्या. पहिल्या मापाला आमच्याकडे एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, लाभ, लाभ, असं म्हणत पायली पोत्यात रिकामी व्हायची. मग दुसरी भरताना दोन, दोन, दोन. पुढचं माप उचलेपर्यंत मागचा आकडा तोंडातून सोडायचा नाही. माप चालू असताना खळ्यात येणारा माणूस बाहेर चपला काढतो आणि गप्प उभा राहतो. मापणाऱ्याशी कोणी बोलत नाही, आणि मापणाराही कोणाला उत्तर देत नाही. एकदा खळ्याच्या कडेला काकूंच्या नवऱ्याने हाक मारली. त्या खेपेला तो मुंबईहून वर्षाने आला होता. काकूंनी मान वर केली नाही.

सहदेव थोडे दिवस मुंबईला हॉटेलात राहिला, कंटाळला, परत आला. घाटातल्या रस्त्याच्या कामावर एका मुकादमाच्या हाताखाली त्याने वात कापायला सुरुवात केली. पहिल्यांदा त्याच्यावर मोजायची पाळी आली तेव्हा पहिल्या धमाक्याला तो लाभ म्हणाला. सगळे हसले. मुकादम म्हणाला, "कातळ इकाया काडलास काय रे?" तरी सहदेवने आकडा सोडला नाही. लाभ, लाभ, मग दोन, दोन. शेवटी मुकादमाची मोजणी चुकली आणि त्याची बरोबर निघाली. तेव्हापासून मोजणी त्याचीच.

मी त्याच्यापेक्षा मोठा, म्हणून तो मला दादा म्हणायचा. तरी भोक जरा तिरकं गेलं की सगळ्यांसमोर बोलायचा. त्याच्या कामात ढिलाई नव्हती, म्हणून मी ऐकून घेत असे. वात कापायची सुरी तो दुसऱ्या कशाला वापरत नसे. तळीये गावावर दरड पडली त्यानंतर एका ठेकेदाराने घरांच्या वरच्या उतारावर सुरुंग लावायला सांगितलं. सहदेवने नाही म्हटलं आणि ते गिऱ्हाईक कायमचं गेलं.

मी सांगतोय ती विहीर वाडीच्या पाण्याची. उन्हाळ्यात वाडीतल्या बायका खालच्या झऱ्यावरून हंडे आणतात. मालोजीबाबांनी खोऱ्यातल्या आपल्या शेताचा कोपरा विहिरीला दिला आणि वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाने मदत केली. मंडळाला काम दिसावं म्हणून बाबांचा मुलगा राहुल प्रत्येक बाराचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा. कातळ काळा आणि चिवट होता. भोकामागे भोक मारून माझं मशीन तापायचं. पावसाच्या आत पाणी लागायला हवं होतं.

त्या दिवसांत सहदेवची पुतणी सारिका सुट्टीला आली होती. ती मानसशास्त्र शिकलीय. महाडला एका दवाखान्यात डोक्याला मार लागलेले पेशंट येतात, त्यांची स्मरणशक्ती ती तपासते. बाराच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही सहदेवच्या ओटीवर टेकलो होतो. पेशंटला ती काय विचारते ते सहदेवला बघायचं होतं, म्हणून तिने त्यालाच बसवलं.

ती एकेक आकडा सावकाश म्हणायची, मग त्याने ते त्याच क्रमाने सांगायचे. सहदेव ओठ हलवत ऐकायचा आणि सगळे बरोबर परत द्यायचा. लांबलचक रांगही त्याने दिली. तो खूश झाला. मग सारिका म्हणाली, आता मी आकडे सांगेन तेव्हा तुम्ही मोठ्याने भात, भात म्हणत राहायचं. सहदेव भात, भात म्हणू लागला. थांबवून विचारलं तर त्याला तीन-चार आकडे सांगता आले आणि त्यातला एक उलटा. त्याने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. तोंड बांधल्यावर माणूस काय मोजणार, असं म्हणून तो चिडला. आतून आवडीकाकू बोलल्या, "भात भात बोलून पोट भरत नाय. जेवायला उठा."

जेवताना सारिकाने सांगितलं ते मला पटलं, कारण तिने कामाच्या भाषेत सांगितलं. जन्मभर शिकलेलं डोक्यात कायमचं साठतं, ते कोठार वेगळं. आत्ता या घटकेला हातात धरायचं आणि त्याच्यावर काम करायचं, त्याला मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात. तिची जागा फार लहान. सुट्या गोष्टी चारेक मावतात. मोबाईल नंबर आपण तुकडे पाडून म्हणतो ते त्यामुळेच, कारण एक तुकडा एका गोष्टीची जागा घेतो. ऐकलेला आकडा क्षण-दोन क्षण टिकतो आणि विरतो. तो टिकवायचा तर मनात किंवा तोंडात फिरवत ठेवावा लागतो. पाहिलेल्या गोष्टींची जागा वेगळी, पाटीसारखी. पाटीवर काही मांडलं म्हणून तोंडातला आकडा सहसा बिघडत नाही. या दोन्हींवर लक्ष ठेवणारा मुकादम मात्र एकच. त्याला दुसरीकडे बोलावलं की हातातलं सांडतं.

म्हणजे आयची रीत बरोबर, असं सहदेव म्हणाला. बरोबरच आहे, सारिका म्हणाली, पण मुकादमाला कोणी बोलावलं नाही तर. आणि मग तिने आणखी एक सांगितलं. सांडलं तर डोकं ती जागा रिकामी ठेवत नाही. काहीतरी उचलून तिथे ठेवतं. ते ठेवलेलं खऱ्यासारखंच वाटतं.

सहदेवला ते आवडलं नाही. "माजं तसं नाय," तो म्हणाला. "मला वाटत नाय. मला ठाव असतं."

सारिका ताट घेऊन उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अकरा भोकं मारून वर आलो. सहदेवने स्वतः तोटे भरले, वाती लावल्या. लाल झेंडे लावले, ओरडून सगळीकडे सांगितलं. वाती पेटवून तो शिडीने वर आला आणि मोठ्या कातळाच्या आडोशाला आमच्यात बसला. आम्ही म्हणजे मी, मालोजीबाबा, राहुल, सारिका, आणि दगड भरायला खाली उतरणारे नवरा-बायको मंगेश आणि वैशाली. सारिका न्याहारीचा डबा घेऊन आली होती आणि झेंडे लागल्यावर तिला जाता आलं नव्हतं. राहुलने मोबाईल वर धरला.

पहिला बार गेला. जमीन खालून ढकलल्यासारखी झाली. सहदेवने डोळे मिटले. लाभ, लाभ, लाभ. दुसरा. दोन, दोन. माझे कान मशीनने गेलेत. मला बार पायातून कळतात. मी मोजत नाही, मोजायला जातच नाही. दोघांनी मोजलं की दोघांना एकमेकांचा आकडा ऐकू येतो.

मालोजीबाबांची पलीकडे आंब्याची झाडं होती. एक दगड उंच उडून त्या बाजूला गेला. बाबा अस्वस्थ झाले. सहदेवच्या खांद्याला हात लावून त्यांनी विचारलं,

"सहदेवा, किती ऱ्हायले रे?"

मालोजीबाबा वयाने मोठे, जमीन देणारे. आमच्याकडे मोठ्या माणसाने नावाने विचारलं तर उत्तर न देऊन चालत नाही. सहदेवने डोळे उघडले. क्षणभर थांबला.

"पाच, बाबा," तो म्हणाला.

तेवढ्यात बार गेला. सहदेवने डोळे मिटले आणि पुन्हा आकडा धरला. आवाज एकामागून एक येत राहिले. शेवटचा गेल्यावर तो उठून म्हणाला, "अकरा. झाले."

नियमाने जेवढं थांबायचं तेवढं आम्ही थांबलो. धूर वर येऊन गेला. मी यारीवर गेलो. यारी म्हणजे विहिरीच्या काठावरचं दगड ओढायचं यंत्र. तिच्या लोखंडी डब्यात बसूनच मंगेश आणि वैशाली खाली जायचे. सुरुंगवाल्याने आधी उतरून बघायचं असतं. पण सहदेवचा आकडा पूर्ण भरला की आमच्याकडे ते कोणी करत नसे. त्याच्या आकड्यावर सगळ्यांनी इतकी वर्षं पाय ठेवला होता.

मंगेशने डब्यात एक पाय टाकला. वैशाली पहारी आणायला वळली.

राहुल कातळावर बसून व्हिडिओ बघत होता, मंडळाला पाठवण्याआधी. शेजारी सारिका होती. मी पाहिलं, तिने राहुलच्या हातावर हात ठेवून मोबाईल थांबवला आणि मागे घ्यायला लावला. पुन्हा ऐकलं. मग ती उठली आणि यारीकडे चालत आली. पळाली नाही. पण चेहरा उतरला होता.

"मंगेशदादा, पाय बाहेर काढा," ती म्हणाली. मग सहदेवकडे बघून हळू आवाजात, "काका, एकदा ऐका."

सहदेव म्हणाला, मी एकदा ऐकलंय. मालोजीबाबांनी काय झालं ते विचारलं. व्हिडिओत दहाच आवाज आहेत, असं राहुलने सांगितलं. मोबाईलला काय कळतं, बाबा म्हणाले, दोन बार एकात गेले की यंत्राला एकच ऐकू येतो, सहदेवचा कान तसा नाही. मंगेशने मान हलवली. त्याचा पाय अजून डब्यातच होता. त्याचा भरवसा मोबाईलपेक्षा सहदेववर जास्त होता. माझाही होता. सहदेवने फक्त "उतर" म्हटलं असतं तर मी ब्रेक सोडला असता.

सहदेवने मोबाईल कानाशी धरला.

व्हिडिओत आमचे सगळ्यांचे आवाज होते. त्याचाही. राहुलने आवाज मोठा केला तेव्हा मलाही ऐकू आलं. सहा, सहा, सहा. मग मालोजीबाबांचा प्रश्न. मग पाच, बाबा. मग बार. मग थोडी शांतता. मग आठ, आठ, आठ.

त्याने ते परत लावलं. पुन्हा परत. प्रत्येक वेळी बार गेला की त्याचे ओठ हलायचे आणि मोबाईलमधला तो वेगळंच बोलायचा.

"सात कुटाय?" तो म्हणाला.

सारिकाने फक्त एवढं सांगितलं की बाबांना उत्तर द्यायला तुम्ही अकरातून सहा वजा केले, म्हणजे तोंडातला सहा सुटला. पाचावरून मागे येऊन सहा शोधत असताना बार गेला. तोच एक बार एकदा शोधताना सात म्हणून मोजला गेला आणि एकदा ऐकल्यावर आठ म्हणून. ती त्याची चूक म्हणत नव्हती. कोणाचंही तसंच झालं असतं, असं ती म्हणाली.

"पर मला सात ऐकल्यासारखा वाटतोय," सहदेव म्हणाला. "आत्ता बी वाटतोय."

मालोजीबाबा म्हणाले की दहा आवाज म्हणजे दोन मिळून गेले असतील, आपण उगाच वेळ घालवतोय, ऊन वाढतंय.

"असतील," सहदेव म्हणाला. "नसतील तर?" मग तो मंगेशकडे वळला. "पाय काड. माजी मोजणी नाय झाली."

इतक्या वर्षांत मी त्याच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. मंगेशने पाय काढला. वैशालीने पहारी जमिनीवर ठेवल्या. एकेक करून, आवाज न होऊ देता.

न उडालेल्या भोकासाठी नियमाने जास्त थांबायचं असतं. आम्ही त्याहून जास्त थांबलो. वात कधी कधी ओली असते, विझल्यासारखी होते आणि आत धुमसत राहते. सगळे कातळामागे होतो. बाबांनी एकदा घसा साफ केला तर सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. वैशाली मंगेशच्या अगदी जवळ बसली होती. एरवी चारचौघांत ती तशी बसत नाही.

मग सहदेव उठला आणि डब्यात बसला. एकटा. मी यारीवर. खाली जाताना त्याने मला सांगितलं की प्रत्येक भोक कुठे मारलंय ते वरून सांगायचं, एकेक, आणि दुसरं काही बोलायचं नाही.

भोकं मी मारली होती. कुठल्या भोकाला मशीन अडकलं, कुठल्याला पाणी लागलं, ते माझ्या हातांना ठाऊक होतं. विसरायचा प्रश्न नव्हता. ते सारिकाच्या कोठारातलं. मी काठावर पालथा पडून ओरडलो, उगवतीच्या अंगाचं, कपारीखालचं. खाली बॅटरी हलली. सहदेव फुटलेल्या दगडांवर पाय दाबून ठेवत नव्हता. टेकवून बघत होता, मग भार टाकत होता. भोकाच्या जागी काळी पडलेली खोबण दिसली की तो एक खडा उचलून खिशात टाकायचा. मग वर बघायचा. मी पुढचं सांगायचो. कुठे दगड वर आलेला असला की तो हातांनी बाजूला करायचा, पहारीला हात लावायचा नाही.

मावळतीकडच्या एका भोकाशी तो फार वेळ थांबला. बॅटरी हलेना. मी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

तिथे दोन भोकं जवळ होती. कातळाची एक मोठी फाक त्या दोन्हींमधून सरळ उभी फुटली होती. दोन्ही खोबणी काळ्या. दोन बार एकदमच गेले होते. त्याने दोन खडे उचलले. शेवटचं भोक बघून झाल्यावर खिशातले खडे तळहातावर काढले, मोजले, परत मोजले. मग डब्यात बसून दोरी हलवली.

वर आल्यावर त्याने खडे मालोजीबाबांसमोर कातळावर ठेवले. बाबांनी नजर टाकली आणि हसले. इतका वेळ दाबून ठेवलेलं हसू होतं ते. मंगेशही हसला.

"म्हंजे अकराच की रे," बाबा म्हणाले. "तू बरोबरच व्हतास."

"बार अकरा व्हते," सहदेव म्हणाला. "मी बरोबर नव्हतो."

बाबांना तो फरक उगाचचा वाटला. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. मला तो फरक समजतो. भोक सरळ गेलं म्हणून मशीन सरळ धरलं होतं असं होत नाही. दोन बार एकदम गेले नसते आणि एक राहिला असता, तरी सहदेवने अकराच सांगितले असते, आणि तसेच ठामपणे. मंगेश त्यावर उतरला असता. त्या वेळी हे फक्त दोघांना उमजलं होतं. एक सहदेव. दुसरी सारिका. ती हसली नव्हती.

त्या दिवशी त्याने न्याहारी केली नाही. वाती कापायची सुरी पुसून म्यानात ठेवली आणि मला म्हणाला की दादा, आता दुसरा कोणतरी बघा. मी म्हटलं, ठीक आहे, पण जो येईल त्याला मोठ्या माणसाने विचारलं तर तो काय करील? संध्याकाळी सहदेव सारिकाबरोबर ओटीवर बसला होता. काय बोलले मला माहीत नाही. मी गेलो तेव्हा आवडीकाकू मध्ये बसून विचारत होत्या की खळ्यात जे चालत नाही ते विहिरीवर कोणी चालवून घेतलं.

पुढच्या बाराला सहदेवच आला. आडोशामागे त्याने वैशालीला दूरच्या टोकाला बसवलं. तिच्या कानाला त्याची पुटपुट जाणार नाही इतकं दूर. तिच्या पुढ्यात भोकांइतके खडे मांडले. प्रत्येक बाराला एक खडा डावीकडून उजवीकडे सरकवायचा. आकडा म्हणायचा नाही, मोजायचंही नाही. दोघांचं जुळलं तरी पहिल्यांदा तोच उतरणार होता. खाली जाणाऱ्यांत तिचा नवरा होता, त्यामुळे ती खड्यांवरून नजर हलवणार नाही, हे त्याने धरलं होतं. त्या विहिरीनंतर मी मशीन कायमचं खाली ठेवलं, पण त्याआधी हा बार मी पाहिला.

वाती पेटवायच्या आधी मालोजीबाबा आले. आडोशाच्या तोंडाशी ते थांबले. सहदेव त्यांना काही बोलला नव्हता. त्यांनी चपला काढल्या, खळ्याबाहेर काढतात तशा. मे महिन्याचा कातळ तापला होता. त्यावरून अनवाणी येऊन ते मागे बसले आणि तोंडावर पंचा धरला.

सहदेव वर आला, बसला, डोळे मिटले. पहिला बार गेला. दूरच्या टोकाला वैशालीने खडा सरकवला.

"लाभ," सहदेव म्हणाला. "लाभ, लाभ, लाभ."